शून्य असलं तरी कळवा

६ मार्च

प्रिय मावशी,

फोनच करणार होते, पण तुझा डावा कान हल्ली फोनवाल्यांना दाद देत नाही असं आई म्हणाली. जन्मभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसून लोकांची बोलणी जोडून दिलीस आणि आता तुझ्याशी पत्राने बोलायचं! असो.

मी अडचणीत आहे. नवी नोकरी लागली एवढंच घरी सगळ्यांना ठाऊक आहे, काम काय ते मी कुणाला नीट सांगितलेलंच नाही. बागांमधल्या फुलांवर कोण येतं ते मोजायचं. मधमाश्या, भुंगे, फुलपाखरं, साध्या माश्यासुद्धा. ती येऊन बसली तर फुलातले पराग इकडचे तिकडे होणार आणि फळ धरणार. आता आम्ही चौघं एका खोलीतले लोक किती बागा मोजणार? म्हणून साध्या माणसांना विनंती करतो. अंगणातलं नाहीतर गच्चीतलं फुललेलं एक झाड निवडा, आठवड्यातून एकदा त्याच्यासमोर दहा मिनिटं बसा आणि कोण कोण येऊन गेलं ते मोबाइलवर कळवा.

सुरुवातीला नुसती झुंबड उडाली. आता सकाळी संगणक उघडताना हात थांबतो. रोज कुणी ना कुणी गळालेलं असतं. आम्ही आठवणीचे संदेश पाठवतो, 'तुमची बाग तुमची वाट पाहत आहे' वगैरे. कुणी उघडून बघत नाही. एकाने उलट कळवलं, 'बाग नव्हे, बायको वाट पाहते आहे. नाव काढून टाका.'

आमच्या विभागप्रमुख बाई वाईट नाहीत, पण त्यांच्याही मानेवर कुणीतरी बसलंय. ज्या संस्थेच्या आधारावर हे सगळं चाललंय तिला हंगामाअखेर भरलेला नकाशा बघायचा आहे. नाही दिसला तर प्रकल्प गुंडाळणार आणि त्यात माझं टेबलही.

कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगते. कुणी 'शून्य' कळवलं ना, की माझ्या पोटात गोळा येतो. खरं तर शून्यही आम्हाला हवंच असतं, सूचनांमध्ये तसं लिहिलंय. पण दोन-तीन शून्यं पाठवली की माणूस कंटाळतो आणि गप्प होतो, असा अनुभव आहे.

तुझ्या गल्लीत फुलं आहेत, माणसं आहेत. चारजण जमव ना. आणि माणसाला धरून कसं ठेवायचं तेही सांग. तुला ते येतं.

तुझी,
भिंगरी


१७ मार्च

भिंगरे,

पत्र वाचलं आणि आधी हसले. लहानपणी तुला एका जागी बसवायला घरातली तीन माणसं लागायची, आणि आता तूच लोकांना दहा मिनिटं बसा म्हणून विनवतेस!

जमवलेत. कोपऱ्यावरचे घड्याळजी, ज्यांचं घड्याळांचं दुकान मुलाने घेतलं आणि आता ते गल्लीच्या समितीचे अध्यक्ष होऊन आम्हालाच चावी देत असतात. त्यांच्याकडे सूर्यफुलं आहेत. समोरचा बसड्रायव्हर, त्याच्या भोपळ्याच्या वेलाने अख्खी भिंत व्यापली आहे. पलीकडच्या घरातली सून, तिच्या कुंड्या. आणि मी. माझ्या पुदिन्याला फुलं आलीत. रविवारी सकाळी सगळे आपापल्या फाटकात खुर्च्या टाकून बसतो. जाणारे-येणारे विचारतात, पाणी येणार नाही का आज?

आता तुझ्या प्रश्नाचं. लोक कामाला कंटाळून जात नाहीत. उत्तर येत नाही म्हणून जातात. एक्सचेंजमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की लाइन लागली नाही तरी मधून मधून सांगायचं, 'प्रयत्न चालू आहे, थांबा हं.' एवढ्यावर माणूस तासभर थांबायचा. तू प्रत्येकाला एक ओळ लिही. यंत्राने नव्हे, तू. त्याच्या झाडाचं नाव घेऊन लिही.

आमचा पहिला निकाल मात्र काही खास नाही. चौघांचंही शून्य. घड्याळजी चष्मा पुसत मला विचारतात, 'बिघाड बागेत आहे की माझ्यात?' मी म्हटलं, पुढच्या रविवारी कळेल.

तू वेळेवर जेवतेस का?

मावशी


४ एप्रिल

प्रिय मावशी,

जेवते. म्हणजे बहुतेक.

तुझं ऐकलं. रोज जेवणाच्या सुट्टीत बसून लोकांना एकेक ओळ लिहिते. 'तुमच्या गच्चीतला मोगरा आता कसा आहे?' 'मागच्या वेळी तुम्ही पाहिलेली ती काळी माशी नेमकी कोणती, ते आम्हाला सापडलं.' आणि मावशी, लोक परत यायला लागले! एका गृहस्थांनी तर मला गुडघ्याचं दुखणं, जावयाचा स्वभाव आणि एक मधमाशी, सगळं एकाच संदेशात कळवलं.

पण बाईंना एवढ्याने पुरत नाही. त्यांनी नवीन काढलंय. ज्या बागेत आठवड्यात सर्वांत जास्त कीटक दिसतील तिच्यावर नकाशात सोनेरी फूल उमलणार. शून्यवाल्यांचा ठिपका राखाडी. मी म्हटलं, याने राखाडीवाले खट्टू होतील. त्या म्हणाल्या, 'होऊ देत ना, चुरस वाढेल.' आणि खरंच आकडे वाढलेत. मी गप्प बसले.

तुमची गल्ली अजून राखाडी आहे. नकाशा उघडला की माझी नजर आधी तिथेच जाते आणि जीव खालीवर होतो. वेळ बदलून बघाल का? ऊन थोडं वर आल्यावर? मी तुमच्यावर दबाव आणत नाहीये. पण बाईंनी परवा विचारलं, 'ही तुझ्या मावशीची गल्ली ना?' आणि माझे कान गरम झाले.

तुझी,
भिंगरी


२२ एप्रिल

भिंगरे,

आनंदाची बातमी. आल्या. सूर्यफुलांवर आल्या, कुंड्यांवर आल्या, माझ्या पुदिन्यावर तर विचारूच नकोस. तुला दिसलंच असेल. सोनेरी फूल सुनेने छापून आणून गल्लीच्या तोंडाशी लावलंय. घड्याळजी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवतात.

ड्रायव्हरने मात्र मोजणं सोडलं. वेळ नाही म्हणतो. त्याचं काहीतरी बिनसलंय, भोपळा धरत नाही म्हणून चिडचिड करतो. तू त्याला काही लिहू नकोस.

आता तरी पोटातला गोळा गेला ना? झोप लागते ना?

मावशी


७ मे

प्रिय मावशी,

गेला! चक्क गेला! बाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मधल्या अहवालात तुमची गल्ली उदाहरण म्हणून घातली आहे. आधी पूर्ण राखाडी, मग चिकाटीने बसल्यावर सोनेरी. मीच लिहिलं ते पान. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत.

आणि ऐक, त्या संस्थेची माणसं पुढच्या महिन्यात स्वतः बघायला येणार आहेत. बाईंनी जागा सुचवली ती तुमचीच. तुम्हाला काही करायचं नाही. नेहमीसारख्या खुर्च्या टाकून बसायचं आणि ते तुमच्या शेजारी बसून मोजतील. मी असेनच बरोबर. पुढचं सगळं त्या भेटीवर आहे, त्यामुळे घाबरायला होतंय, पण तुम्ही असल्यावर मला काय काळजी?

कोणता रविवार सोयीचा ते लगेच कळव.

भिंगरी


१० मे

भिंगरे,

इकडे आणू नकोस त्यांना. रस्ता खोदून ठेवलाय. माझा गुडघाही धरलाय. घड्याळजी मुलाकडे जायचं म्हणताहेत. दुसरी एखादी गल्ली बघ, चांगल्या बऱ्याच असतील.

मावशी


१५ मे

मावशी,

तुझं चार ओळींचं पत्र आलं आणि मी आईला फोन केला. मला वाटलं, तुला काहीतरी झालंय आणि तू लपवतेस. आई म्हणाली, 'तिला काय धाड भरलीय! परवाच भाजीच्या दोन पिशव्या घेऊन चालत आली.' मग गुडघा?

तुझ्या कानाचं असेल, डॉक्टरने काही सांगितलं असेल, असं मनात घोळवत मी दोन दिवस काढले. काल दुपारी आमच्या खोलीच्या दारात बसड्रायव्हरच्या गणवेशात एक माणूस उभा राहिला. हातात पिशवी. म्हणाला, 'तुम्ही भिंगरी मॅडम का?' बाई समोरच बसलेल्या. त्याने पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. आत बोटाएवढे भोपळे, पिवळे पडून गळलेले. चांगला ढीगभर.

'नकाशावर आमच्या गल्लीत सोनेरी फूल आहे,' तो म्हणाला. 'मग माझ्या वेलावर एकही भोपळा का धरत नाही, तेवढं सांगा.'

मी म्हटलं, 'मादी फुलापर्यंत पराग पोचले नाहीत की मागचं कोवळं फळ असंच गळतं.'

'आणि पराग कोण पोचवतं?'

मी विचारलं, 'तुम्ही मोजणं का सोडलंत?' तर म्हणाला, 'ते तुमच्या मावशीला विचारा. मला त्याच गल्लीत राहायचंय.' आणि ड्युटीची वेळ झाली म्हणून निघून गेला.

तुला सरळ विचारते. मधमाश्या आल्या होत्या का?

भिंगरी


१९ मे

भिंगरे,

नाही.

एकही नाही. पहिल्या रविवारपासून आजपर्यंत एकही नाही.

पहिल्यांदा घड्याळजींनी दोन लिहिल्या. म्हणाले, पोरीला जरा धीर येईल. मग सुनेने तीन लिहिल्या, कारण घड्याळजींच्या दोन होत्या. मी रागावले दोघांना. घरी आले, तुझं पत्र पुन्हा वाचलं. शून्य आलं की पोटात गोळा येतो, आमचा ठिपका पाहून जीव खालीवर होतो. मोबाइल हातात घेतला आणि पाच लिहिल्या. बसले होते पुदिन्यासमोरच. समोर एक पानही हलत नव्हतं.

ड्रायव्हर एकटा म्हणाला, 'मला नाही जमणार.' आम्ही त्याला काय काय बोललो ते आता लिहिवत नाही.

मी चुकले, हे कबूल. पण थोडं तुलाही ऐकावं लागेल. तू म्हणालीस शून्यही हवं असतं. ते सूचनांमध्ये होतं. तुझ्या पत्रात मात्र दर वेळी शून्याची भीतीच होती. माणूस सूचना वाचत नाही गं, समोरच्याचं तोंड वाचतो. आणि ते सोनेरी फूल तुम्ही माशीला दिलंत, बसणाऱ्याला नाही दिलंत. उन्हात दहा मिनिटं बसून काही न दिसलेल्या माणसाला तुम्ही राखाडी ठिपका दिलात.

आता काय करायचं ते तू सांग. मला तुझ्याकडे तोंड दाखवायची लाज वाटते.

मावशी


२७ मे

मावशी,

तुझं पत्र वाचून इतका राग आला की दोन दिवस ते टेबलाच्या खणात उलटं ठेवलं. राग तुझा जास्त की माझा, हे अजून ठरलेलं नाही.

तुला कळतंय का काय झालं ते? तुमच्या चौघांची खरी शून्यं आली असती, तर एप्रिलमध्येच मी विचारलं असतं की एवढी फुलं असून एकही कीटक कसा नाही. अहवालात खरं म्हणजे तेच पान हवं होतं. आणि मी तिथे 'चिकाटीचं फळ' असं शीर्षक दिलं.

बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, 'एकच तर गल्ली आहे. पाहुण्यांना दुसरीकडे नेऊ. हंगाम संपल्यावर हळूच काढून टाकू आकडे.'

मी म्हटलं, 'पण एकच गल्ली आहे हे आपल्याला कुठे ठाऊक आहे?'

'ठाऊक करून घ्यायलाच हवं का?' त्या म्हणाल्या. रागाने नाही, दमून म्हणाल्या. त्यांचीही नोकरी आहे.

मी घरी येऊन त्या संस्थेला स्वतः पत्र लिहिलं. तुमच्या गल्लीचं पान मागे घेतलं. सोनेरी फूल आल्यापासूनचे सगळे आकडे पुन्हा तपासेपर्यंत धरू नका, असंही लिहिलं. बाईंना प्रत दिली. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. उत्तर आलेलं नाही. दारात कुणाची पावलं वाजली की मला वाटतं, झालं, आलं बोलावणं.

एक विचारायचं आहे. तुमच्या गल्लीत फुलांवर, कुंपणांवर काही मारतात का? आठवून लिही.

भिंगरी


१२ जून

भिंगरे,

मारतात. हे मला आधी सुचायला हवं होतं. मागच्या वर्षी कुंपणाच्या झुडपांना पांढरा मावा लागला, तेव्हापासून समितीने माणूस लावलाय. तो पाठीवर टाकी घेऊन येतो आणि ऐन सकाळी, फुलं उघडलेली असतात तेव्हाच, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत औषध फवारतो. मावा कधीच गेला. फवारणी चालूच राहिली. कुणी थांबवा म्हटलंच नाही ना.

समितीची बैठक बोलवायला लावली. घड्याळजींच्या ओसरीवर सगळे जमले. मी उभी राहिले. जन्मभर पडद्याआड बसून बोललेली बाई मी, समोर माणसं असली की माझी जीभ जड होते. तरी सांगितलं. म्हटलं, गल्लीच्या तोंडाशी लावलंय ते फूल खोटं आहे, आणि त्यातल्या पाच माश्या माझ्या आहेत.

घड्याळजी उठले. 'बाई, चारचौघांत आमची अब्रू काढायची काही गरज होती?'

मी म्हटलं, 'तुमचं नाव मी घेतलं का?'

'न घेता सगळ्यांना कळलं ना!' आणि आपल्याच घरच्या बैठकीतून ते आत निघून गेले. आम्ही ओसरीवर बसलेलो. जावं की थांबावं, कुणाला कळेना. शेवटी सून म्हणाली, 'फवारणी बंद करायची का, एवढं तरी ठरवू या.' हात वर झाले. बंद झाली. थोड्याच मतांच्या फरकाने, पण झाली.

घड्याळजींनी मोजणं सोडलंय. माझ्याकडे बघतही नाहीत. मी ड्रायव्हरच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याने आत बोलावलं, खुर्ची दिली, पण 'जाऊ द्या हो मावशी' असं काही म्हणाला नाही. मला ते बरं वाटलं. आता तो मुलीच्या रंगाच्या ब्रशने एका फुलातली पिवळी पूड दुसऱ्या फुलात नेऊन लावतो. दोन भोपळे धरलेत. रविवारी पुन्हा मोजायलाही बसतो. म्हणतो, 'माशीची नोकरी करतोय.'

तुला काही कळलं का? पोस्टमनची वाट बघतेय.

मावशी


३ जुलै

प्रिय मावशी,

कळलं. संस्थेने प्रकल्प बंद केला नाही, पण पुढच्या वर्षाचं काही बोलत नाहीत. हंगाम संपेपर्यंत चालवा, मग बघू. मला अर्ध्या वेळेवर आणलंय. बाईंनी दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली. जाताना माझ्या टेबलाशी थांबल्या आणि म्हणाल्या, 'पत्र पाठवण्याआधी मला एकदा विचारायचं होतंस.' मी म्हटलं, 'तुम्ही नको म्हणाला असता.' त्या म्हणाल्या, 'हो.' आणि गेल्या. त्या 'हो'चा अर्थ काय लावायचा, याचा विचार अजून करते आहे.

सोनेरी फूल काढून टाकलं. सगळ्या बागवाल्यांना मी स्वतः लिहिलं, काय झालं ते, आणि त्यात माझा भाग कोणता ते. निम्म्याहून जास्त लोक गेले. काहींनी चांगलंच सुनावलं. एका बाईंनी लिहिलं, 'मी प्रामाणिकपणे मोजलं, मला या चोरांच्या रांगेत का बसवलंत?' त्यांना काय उत्तर लिहू, कळत नाही. तीनदा लिहून फाडलं.

पण काहींनी हळूच कळवलं की आमचेही जरा जास्तच झाले होते. आता ते खरं पाठवतात. नकाशावर राखाडी ठिपके वाढलेत आणि मी ते एकेक करून बघते. तुमच्या आसपासच्या ज्या गल्ल्यांत तोच टाकीवाला जातो, तिथे सलग राखाडी पट्टा दिसतो. खरं काय ते समजायला अजून बरीच मोजणी हवी. माणसं पुरतील का, ते माहीत नाही. भीती आहेच, पण ती आता मी लोकांना पाठवत नाही.

तुमच्या तिघांची शून्यं दर रविवारी येतात. पोचतात, मावशी. प्रत्येक वाचते.

तुझी,
भिंगरी


२५ जुलै

भिंगरे,

आजच्या रविवारचं आमचं शून्य तुला पोचलं असेल. त्याच्याबद्दल लिहिते आहे.

आम्ही तिघं माझ्याच अंगणात बसलो होतो, कारण सध्या चांगली फुलं माझ्याच पुदिन्याला आहेत. दहा मिनिटं झाली. मी 'संपलं' म्हटलं, शून्य लिहिलं, सून खुर्च्या उचलायला लागली. ड्रायव्हर फाटकापर्यंत गेला होता. तेवढ्यात सून अशी किंचाळली की मला वाटलं, विंचू निघाला. 'हलू नका! हलू नका कुणी!'

पुदिन्याच्या तुऱ्यावर बसली होती. लहानशी, तपकिरी, पायांना पिवळं लागलेलं. एका तुऱ्यावरून दुसऱ्या तुऱ्यावर, सावकाश, जशी काही रोजच येते. मला तिचा आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून मी उजवा कान पुढे केला. ड्रायव्हर तिथेच गुडघ्यावर बसला.

ती गेल्यावर तोच म्हणाला, 'मावशी, लिहा एक. ही तर खरी आहे! आम्ही दोघं साक्षीदार आहोत.'

मी म्हटलं, 'वेळ संपली होती.'

'एका मिनिटाचा तर फरक आहे!'

'असू दे,' म्हटलं. 'आजचं शून्य.'

तो हसायला लागला. सूनही. मग आम्ही तिघांनी खुर्च्या पुन्हा मांडल्या आणि नुसतेच बसून राहिलो, काही न मोजता, चांगलं ऊन डोक्यावर येईपर्यंत.

मावशी